मंगळवारचा कौल

नायगाव,
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय पॉलीन,

टाके परवा काढले. गळ्यावर आडवी रेघ राहिली आहे. आमची पूर्वी म्हणते, "आजी, तू गळ्यात काळा दोरा बांधल्यासारखी दिसतेस." सतरा वर्षं गळ्यात बाळगलेली गाठ गेली, आता आरशात मान फार लांब वाटते. दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी.

तीन दिवस तू हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसलीस. सुनेने बसायचं तर दर्शनाला रजा मिळाली नाही, लेकाने बसायचं तर हितेंद्र कामावरून सुटल्यावर येऊन जायचा. तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नव्हतं, त्यामुळे आपण दोघी हातवारे करत होतो आणि बाजूच्या खाटेवरची बाई हसून हसून स्वतःचे टाके धरत होती. तुझे उपकार मी लिहीत बसत नाही. तू ओरडशील.

दर्शना विचारते, "आई, आजच्या काळात पत्रं कसली लिहिता?" तिला काय सांगू? फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मेसेज करायचा तर हितेंद्रचा फोन, तो घरात सगळेच वाचतात. पाकीट चिकटवलं की ते तुझं नि माझं.

आवाज अजून अर्धाच येतो. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल. आमची खोली ती केवढी, पण मोरीपाशी उभं राहून काही मागितलं तर माझा आवाज टीव्हीच्या अलीकडेच पडतो. खरं सांगायचं तर आधीही फार कोणी ऐकत होतं असं नाही. पण तेव्हा निदान मी बोलले होते हे मला तरी कळायचं.

एक विचारायचं होतं. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटांच्या टोकांनाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आहे ती समजली. पण त्या मोठ्या पांढऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या जेवणानंतर तीन वेळा आणि वर ती मऊ बारकी कॅप्सूल, हे कशाला? कापला गळा आणि औषध हाडांचं? हाडं तर माझी धड आहेत.

तुझी,
सुभद्रा


खोताची वाडी, गिरगाव,
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय सुभी,

चौतीस वर्षं नर्स होते म्हणून हे पत्र लांबणार. चष्मा लाव.

गळ्यातली जी ग्रंथी काढली, तिच्या पाठीला मसुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातलं कॅल्शियम किती ठेवायचं हे त्या चौघी बघतात. तुझी गाठ एवढी मोठी, ती सोडवताना यांना धक्का लागतोच. मेल्या नसतील, रुसल्या असतील. काहींच्या महिन्या-दोन महिन्यांत उठून कामाला लागतात, काहींच्या कधीच नाही. तोवर त्यांचं काम तुझ्या गोळ्यांनी करायचं. ती बारकी कॅप्सूल कॅल्शियम पोटातून रक्तात ओढून घेते.

तू म्हणतेस हाडांचं औषध. शंभरातले नव्व्याण्णव भाग कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, खरं आहे. उरलेला एक भाग रक्तात आणि बाकीच्या अंगात. पण घर चालवतो तो हा एक भाग. हृदयाचा ठेका त्याच्यावर, रक्त गोठणं त्याच्यावर, स्नायू आवळणं त्याच्यावर, आणि नसा गप्प बसतात त्याही त्याच्यामुळेच. तो कमी पडला की नसा विनाकारण बोंबलायला लागतात. आधी ओठ आणि बोटं, मग पोटरीत गोळे, मग हाताची बोटं आपोआप जुळून चोचीसारखी होतात आणि सोडवता सुटत नाहीत. त्याच्याही पुढे गेलं तर घसा आवळतो, फिट येते, हृदयाचा ठेका चुकतो. म्हणून मुंग्या आल्या की समजायचं, ही पहिली हाक.

जास्त झालं तरी वाईटच बरं का. तहान तहान होते, पोट साफ होत नाही, मूतखडा होतो, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. म्हणून मनाने एकही गोळी कमी नाही, एकही जास्त नाही. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर ठेव. दर पंधरा दिवसांनी रक्त तपास. मला आकडा कळव.

आवाजाचं म्हणशील तर, मला आता कोणाचाच ऐकू येत नाही. त्यामुळे तुझा गेलाय की आहे, माझ्या लेखी सारखंच. तू लिहीत जा.

पॉलीन


नायगाव,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय पॉलीन,

पत्राला उशीर झाला. मध्ये रक्त तपासलं होतं, बरं होतं, मुंग्याही नव्हत्या. मग घट बसले. तुला माहीत आहे, मी लग्न होऊन या चाळीत आले त्या वर्षापासून नऊ दिवस उपास करते. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, आणि जेवण तर नाही. शिवाय गोळीत कसलं कसलं पीठ असतं म्हणतात, उपासाला चालेल की नाही कोण जाणे. म्हणून नऊ दिवसांसाठी बाजूला ठेवल्या.

काल तिसऱ्या माळेला आमच्या पॅसेजमध्ये आरती होती. आता अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्यात, चाळ पाडून टॉवर बांधायचे म्हणून माणसं ट्रान्झिट कॅम्पात गेलीत, पण जे उरलेत ते सगळे जमतात. झांजा, टाळ्या, कापराचा धूर. मी जोरजोरात म्हणत होते, आवाज निघत नव्हता तरी. श्वास लागला. आणि अचानक दोन्ही हातांची बोटं जुळली. तू लिहिलं होतंस तशीच, चोचीसारखी. मनगटं आत वळली. घसा आवळला आणि त्यातून असा काही आवाज निघाला की पहिल्यांदा पॅसेजच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

शांता, आमच्या दोन खोल्या सोडून राहते ती, दगडूभावजींची बायको, तिने पहिलं बघितलं. "वारां इला गो! सुभद्राच्या आंगात आई इली!" झांजा आणखी वाढल्या. कोणी हळद लावली, कोणी ओटीत नारळ घातला. पॉलीन, दर्शना माझ्या पाया पडली. ती माझ्याशी दिवसात चार वाक्यं बोलते. तिने डोकं टेकवलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आरती संपली, बसले, श्वास शांत झाला, हळूहळू बोटं सुटली. दर्शनाने गरम दूध आणून दिलं. "आई, अजून काही हवं?" असं विचारलं. मला सांगायला हवं होतं ना, की हे तसं काही नाही? पण दूध गरम होतं आणि सगळ्या माझ्याभोवती बसल्या होत्या. सांगेन.

शुक्रवारी अष्टमी. तू ये. तुला शिऱ्याचा प्रसाद आवडतो.

सुभद्रा


गिरगाव,
८ ऑक्टोबर २०२४

सुभी,

वेडी आहेस का? पत्र वाचताच गोळी घे. उपास शरीराला असतो, औषधाला नसतो. खजूर घे, दूध घे, रताळं खा आणि त्याच्यावर गोळी गीळ. तुझी देवी एवढी लहान मनाची नाही.

जोरजोरात श्वास घेतला की रक्तातलं वापरता येणारं कॅल्शियम आणखी घटतं. आधीच कमी, त्यात आरती. म्हणून तेव्हाच झालं. यात न कळण्यासारखं काही नाही.

दर्शनाला खरं काय ते सांग. आजच. शुक्रवारी येते.

पॉलीन


नायगाव,
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय पॉलीन,

तू आलीस खरी, पण दारापाशीच उभी राहिलीस, चपला हातात घेऊन. आरती संपून मी भानावर आले तर तू नव्हतीस. प्रसाद दर्शनाने बांधून दिला म्हणाली. बस मिळाली ना वेळेवर?

गोळ्या वेळेवर चालू आहेत. काळजी करू नकोस.

घरात आता बरं चाललंय. हितेंद्रने माझी गादी मोरीजवळून उचलून खिडकीजवळ घातली. टीव्हीचा आवाज मी काही बोलले की कमी होतो. पूर्वी तिच्या मैत्रिणींना सांगते, "आमच्या आजीच्या अंगात येतं." पाळण्यातल्या पोरीसारखी मी सगळ्यांची लाडकी झालेय, या वयात. आणि मंगळवारी संध्याकाळी बायका यायला लागल्यात. फार नाही, सात-आठ. कौल विचारतात. नव्या टॉवरमध्ये घर कितव्या मजल्यावर लागेल, मुलीला हे स्थळ बरं की ते, असलंच काहीबाही. मी मान हलवते, हो किंवा नाही. कोणाचं काही बिघडत नाही.

एक सहज विचारते. समजा एखाद्याने सकाळची आणि दुपारची गोळी घेतली नाही, तर संध्याकाळपर्यंत फरक पडतो का? की आदल्या दिवसापासून सोडावी लागते? सहजच.

सुभद्रा


गिरगाव,
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुभी,

परवा ऑस्वाल्डच्या कबरीवर जाऊन आले. फुलं फार महागली नव्हती, पण ऊन फार. भाऊ गेला त्याला सहा वर्षं झाली आणि मी अजून त्याच्याशी भांडतेच.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी लिहिणार नाही.

रक्ताचा आकडा पाठव. डॉक्टरांना भेट. डॅनीला सांगितलंय, तुला लागलं तर तो स्कूटरवर घेऊन जाईल. माझा पुतण्या आहे, लाजू नकोस.



पॉलीन


नायगाव,
२३ नोव्हेंबर २०२४

पॉलीन,

आकडा मागितला होतास. सहा पूर्णांक आठ. साडेआठच्या वर हवा. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित घेता ना?" मी म्हटलं, हो. ते कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तरीही एवढं कमी?" आणि डोस वाढवून दिला. चांगला मनुष्य. मला म्हणाले, "आजी, तुमची केस जरा अवघड दिसते." अवघड मी होते, केस नव्हे.

तुला कळलंच असेल. तरी माझ्या हाताने लिहायला हवं. मी रविवारी रात्रीपासून गोळ्या बंद ठेवते. मंगळवारी संध्याकाळी पाटावर बसते, डोळे मिटते आणि भराभरा श्वास घेते. दहा मिनिटं लागतात. हे तुझ्याकडून शिकले, तुझ्या पत्रातून. मग बुधवारी पुन्हा सुरू करते. दुखतं, पॉलीन. पोटऱ्यांत असे गोळे येतात की ओरडावंसं वाटतं. ओरडते. त्यांना वाटतं देवी घुमते.

मी स्वतःला सांगायचे, यात कोणाचं काय जातंय. आता ऐक.

मागच्या रविवारी दगडूभावजी संडासला जाताना पॅसेजमध्ये पडले. चौऱ्याहत्तर वर्षांचे. आमच्या ह्यांच्याबरोबर मिलमध्ये होते, ह्यांच्या तिरडीला पुढचा खांदा त्यांनी दिला होता. खुब्यापाशी हाड मोडलंय. हॉस्पिटलात फोटो काढला, डॉक्टर म्हणाले लगेच ऑपरेशन करायचं. शांता घाबरली. तिचा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नव्हता. "उद्या येतो" म्हणून सही करून ती त्यांना घरी घेऊन आली.

मंगळवारी ती सगळ्यांत पुढे बसली. माझे हात वळले होते, घसा आवळला होता, पण कान उघडे होते. तिने ओटी भरली आणि गाऱ्हाणं घातलं. "आये, ह्येंका कापूक न्हेव काय नको? तूच सांग." सगळ्या थांबल्या. झांजासुद्धा थांबल्या.

मला काहीच माहीत नव्हतं. मी एवढाच विचार केला, की हो म्हटलं आणि त्यांचं टेबलावर काही झालं, तर माझ्यावर येईल. नको म्हटलं तर कोणी मला विचारायला येणार नाही. आणि मी मान आडवी हलवली.

हात कॅल्शियमने वळले होते, पॉलीन. मान कॅल्शियमने हलली नाही. ती मी हलवली.

आज शनिवार. ते तसेच पडून आहेत. पायाखाली उशी, बाजूला भांडं. कुठल्या तरी वैद्याचा लेप बांधलाय. काल मी बघायला गेले तर त्यांनी झोपल्या झोपल्या मला हात जोडले. मला, जिला ते गेली चाळीस वर्षं "वयनी, च्या करा" म्हणून हाक मारत आले.

काय करू ते तू सांग. तू सांगशील तसं करीन.

सुभद्रा


खोताची वाडी,
२५ नोव्हेंबर, सोमवार सकाळ

सुभी,

हे पत्र टपालात टाकत नाही. डॅनी घेऊन येईल आणि तू वाचून होईपर्यंत दारातून हलणार नाही, असं त्याला सांगितलंय.

खुब्याचं हाड मोडलेला म्हातारा माणूस पडून राहिला की फुप्फुसात कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गाठ होते. ऑपरेशनने माणूस जाईल ही शांताची भीती खोटी नाही. पण बिछान्याने जाणं जास्त सोपं आहे. प्रत्येक दिवस मोजून जातोय. हे तुला माहीत नव्हतं हे मान्य. पण शनिवारी तू हे सगळं मला लिहिलंस, पाकिटाला तिकीट लावलंस आणि पेटीत टाकलंस. का, ते सांगू? टपालाला दोन दिवस लागतात, परत यायला दोन. दगडूभाऊंच्या हाडावर तू आणखी चार दिवस मिळवलेस. "तू सांगशील तसं करीन" म्हणजे तेवढंच.

आता माझं. तुझ्यावर ओरडायचा मला फार हक्क नाही.

अष्टमीला मी दारात उभी होते. मला ऐकू काहीच येत नव्हतं, झांजा नाहीत, आरती नाही. मला फक्त दिसत होतं. आणि मला तुझा हात दिसला. चौतीस वर्षांत तो हात मी कितीदा पाहिलाय. लांबून ओळखला. शिरेत इंजेक्शन लागेल, ईसीजी काढायला हवा, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. आणि मी चपला घातल्या आणि बस पकडली.

घरी येऊन मी स्वतःला सांगितलं, तुमच्या देवीच्या आरतीत एका ख्रिस्ती बाईने तोंड उघडलं तर बायका काय म्हणतील? हे कारण बरं दिसतं. मी दीड महिना तेच धरून ठेवलं. पण खरं कारण ते नव्हे. शाळेतल्या बाकावर तू माझ्या शेजारी बसायला लागलीस त्या दिवसापासून तुझा चेहरा मला पाठ आहे. सगळे आपल्याकडे बघताहेत आणि आपण कोणीतरी आहोत, असा तो मी कधी पाहिला नव्हता. मला तो मोडवला नाही. नर्सने असं करायचं नसतं. मैत्रिणीने तर नाहीच. तुझा तो "सहज" प्रश्न आला तेव्हा मला सगळं कळलं होतं. आणि मी काय केलं? ऑस्वाल्डच्या कबरीचं वर्णन.

दोन गोष्टी. एक, आता घाबरून सगळ्या गोळ्या एकदम गिळू नकोस. वाढवलेला डोस तुझ्या खोट्यावर ठरवलाय, तो खऱ्याने घेतलास तर दुसऱ्या टोकाला जाशील. उद्या डॉक्टरांकडे जा, त्यांना खरं सांग आणि ते देतील तेवढंच घे. दोन, शांताकडे जा. उद्या नाही. हे वाचून झालं की पत्र खाली ठेव आणि ऊठ.

पॉलीन


नायगाव,
५ डिसेंबर २०२४

प्रिय पॉलीन,

डॅनीने तुझं ऐकलं. हेल्मेट काखेत धरून दारात उभा राहिला. मी म्हटलं, "बस रे, पाणी घे." तर म्हणाला, "मावशी, आँटी बोलली वाचून होईपर्यंत हलायचं नाही. आणि वाचताना तुमच्याकडे बघायचं पण नाही." पाठ करून उभा होता पोरगा.

मी उठले. शांताचं दार दोन खोल्यांवर. ती लगबगीने पाट मांडायला लागली, "ये गो आये, बस." मी म्हटलं, शांता, पाट नको. मग एका दमात सांगितलं. हाताचं, गोळ्यांचं, मंगळवारचं. आणि मानेचं. ते सांगताना मी भिंतीकडे बघत होते. तिथे त्यांच्या लग्नाचा फोटो आहे.

शांताने मांडलेला पाट उचलला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तिने आतल्या खाटेकडे बोट केलं. "माका कित्याक सांगतस? मोडला त्येंचा. त्येंका सांग."

तर मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, त्यांच्या खाटेपाशी उभं राहून. ते वर बघत ऐकत होते. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले, श्वासाला घरघर. मी थांबले तेव्हा म्हणाले, "म्हंजे, वयनी, आता माका न्हेतले?"

एवढंच. राग नाही, काही नाही. सहा दिवस ते या एकाच गोष्टीची वाट बघत होते, आणि देवीने नको म्हटलंय म्हणून कोणाला म्हणत नव्हते.

डॅनीने फोन करून अँब्युलन्स बोलावली. हितेंद्रने आणि त्याने त्यांना चादरीत उचलून जिन्यावरून उतरवलं. वळणावर ते ओरडले ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं. माणसं जमली, काय झालं, काय झालं, आणि शांताच सांगत होती, एकेकाला. मी ऐकत उभी.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होते. फोटोवरची तारीख बघून चिडले. "आठ दिवस काय करत होतात तुम्ही लोक?" शांता जमिनीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मी नको म्हटलं होतं." पण माझा आवाज तुला माहीत आहे. त्यांना ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणाले. तेव्हा मोठ्याने म्हणावं लागलं, सगळ्या वॉर्डात. "मी यांना खोटं सांगितलं होतं, की देवी नको म्हणते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून मी डोळे मिटले तरी ती नजर दिसते.

फुप्फुसात कफ साठला होता, म्हणून ऑपरेशन आणखी चार दिवस थांबलं, शुक्रवारी झालं. या सोमवारी रात्री त्यांना अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं. अजून नक्की काही म्हणत नाहीत.

मी माझ्या डॉक्टरांकडेही गेले. त्यांनाही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, मग डोस पहिल्यासारखा केला. "दर आठवड्याला रक्त तपासायचं, आणि या वेळी मी तुमच्या सुनेला विचारणार," म्हणाले. बरोबरच आहे.

चाळीतल्या काही बायका म्हणतात, देवी होतीच, सुभद्राच्या हातून काही चुकलं म्हणून ती रागावून निघून गेली. मला ही पळवाट दोघींनी तोंडावर दिली. मी नाही म्हटलं. पण एक क्षण थांबून म्हटलं, हे तुला लिहायला हवं.

आणि दर्शना. भावजींना नेलं त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना जेवायला वाढलं, मला वाढलं, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मी तुमच्या पाया पडले होते, आई." मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, "मी माझ्या मनातलं सगळं तुम्हाला सांगितलं त्या दिवशी, हळू आवाजात, तुमच्या पायाशी. देवी समजून. तुम्ही ऐकत होता?" 

मी ऐकत होते, पॉलीन. काय ते तुलाही लिहिणार नाही. ते माझं नव्हतंच, मी चोरलेलं आहे.

सुभद्रा


गिरगाव,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय सुभी,

डॅनी दगडूभाऊंना बघून आला. उठून बसतात म्हणाला, नर्सला नावं ठेवतात म्हणाला. नर्सला नावं ठेवायला लागला की पेशंट घरी जातो, हा माझा अनुभव.

नाताळचं गोड पाठवतेय. न्यूरीत, म्हणजे आमच्या करंजीत, साखर आहे, कॅल्शियम नाही, गोळी वेगळी घे. दर्शनासाठी वेगळा डबा आहे, त्याच्यावर तिचं नाव घातलंय. तू देऊ नकोस, डॅनीच देईल.

मी तुला माफ केलं असं लिहीत नाही, कारण ते करायला मी कोण? आणि तू मला माफ करू नकोस. निदान इतक्यात नको. आपण दोघी जरा अशाच राहू.

मी तुझ्याकडे येईन. या वेळी आत येऊन बसेन.

पॉलीन


नायगाव,
१९ जानेवारी २०२५

प्रिय पॉलीन,

आकडा आठ पूर्णांक सात. हितेंद्रने रिपोर्ट आणला, दर्शनाने वाचला, मग मला दिला. आमच्याकडे आता हा क्रम आहे. मुंग्या नाहीत. हात वळत नाहीत. मंगळवारी कोणी येत नाही.

टीव्ही पुन्हा पहिल्यासारखा मोठा असतो. गादी मात्र खिडकीपाशीच राहिली. परत हलवायला हवी असं कोणाच्या मनात आलं नसेल, किंवा आलं असेल आणि दर्शनाने नको म्हटलं असेल. मी विचारलं नाही. ती माझ्याशी दिवसात चार वाक्यं बोलते. पूर्वीही चारच बोलायची, पण आता ती चार मी पूर्ण ऐकते.

दगडूभावजी घरी आले. डावा पाय बोटभर आखूड राहिलाय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर झालं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. कदाचित. तो शब्द शांताने मला जसाच्या तसा आणून सांगितला, त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही. ती माझ्याशी बोलते, पण नजरेला नजर देत नाही. किंवा मी देत नाही.

त्यांना रोज सकाळी पॅसेजमध्ये चालायला सांगितलंय, वॉकर धरून. आवाज टोकापासून ऐकू येतो, आधी वॉकर, मग पाय. माझ्या दाराशी आले की ते थांबतात, दम खातात आणि आत वाकून विचारतात, "वयनी, गोळी घेतलास काय?"

टोमणा नाही त्यात. मी फार शोधला. सापडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"घेतली, भावजी," म्हणते. खरं असतं ते. ते "बरां" म्हणतात आणि वॉकर पुढे ढकलतात. आणि ते पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मला मान वर करता येत नाही.

तुझी,
सुभद्रा